लेकीला अनोरेक्सिया होऊन गेला, आता भाच्याचं तेच दिसतंय, पण दोघांचा स्वभाव इतका उलटा कसा?

आत्याबाई_नाशिककर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. वजनाचे आकडे मुद्दाम लिहीत नाहीये आणि तुम्हीही लिहू नका प्लीज, कारण माझी लेक पण इथे अधूनमधून डोकावते.

तर लेकीला अकरावीत असताना अनोरेक्सिया, म्हणजे वजनाच्या धास्तीने स्वतःला उपाशी ठेवायचा आजार, झाला होता. चार वर्षं झाली त्याला, आता ती ठीक आहे म्हणजे जेवते, हसते, हॉस्टेलला राहते. आधीपासूनच ती शहाणी मुलगी, वही म्हणजे छापल्यासारखी, एक शब्द खोडला गेला तर अख्खं पान फाडून परत लिहायची, शाळेतून कधी तक्रार नाही. आजारी पडली तेव्हाही भांडली नाही, नुसती गप्प गप्प होत गेली. अर्धी पोळी, मग चतकोर, मग तीही नको, आणि विचारलं की सॉरी आई. दर वाक्याला सॉरी. घरातल्या सगळ्यांसाठी केक करायची पण स्वतः बोटसुद्धा चाटायची नाही. संकष्टी, एकादशी, गुरुवार सगळं धरलं होतं आणि सासूबाई कौतुक करायच्या की बघा आजकालच्या पोरी करतात का असं. मलाही कौतुकच वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

आता भाचा, माझ्या भावाचा मुलगा. पंधरा पूर्ण, दहावीत. हा जन्मापासून वादळ. लहानपणी गुटगुटीत होता, वर्गात ढोल्या म्हणून चिडवायचे. मे महिन्याच्या सुट्टीत जिम लावली, सगळ्यांना भारी वाटलं. मग भात बंद, मग पोळी बंद, मग तेल बंद, आता अंड्याचं पांढरं आणि काकडी, तेही किचनमधल्या छोट्या काट्यावर वजन करून. वहिनीने भाजीत तेल जास्त टाकलं म्हणून अख्खी कढई सिंकमध्ये ओतली त्याने. रात्री बाराला उठून जिने चढतो उतरतो, सात मजले. गणपतीत माझ्याकडे आले होते, मी उकडीचे मोदक केले होते, हा ताटावरून उठला आणि दार आपटलं, आणि मागच्या वर्षी ह्याच पोराने मोजून अकरा खाल्ले होते. निघताना पाया पडला तेव्हा हात धरला त्याचा, बर्फासारखा गार, हातावर बारीक लव उगवलेली. मला लेकीचे हात आठवले आणि त्या रात्री झोप नाही लागली.

भाऊ म्हणतो ताई तुला सगळीकडे तेच दिसतं, अगं पोरगा आहे तो, अॅब्ज पाहिजेत त्याला, फिटनेसचं वेड आहे, जाईल. आणि खरं सांगू का, मलाही शंका येते, कारण स्वभाव एकदम उलटा. ती घाबरट, हा आक्रमक. ती लपवायची, हा आम्हालाच भाषण देतो, प्रोटीन काय मॅक्रो काय कटिंग काय. ती स्वतःवर चिडायची, हा जगावर. मग आजार एकच कसा? की मुलींमध्ये एका स्वभावाच्या पोरींना होतो आणि मुलांमध्ये वेगळ्याच स्वभावाच्या पोरांना? कुणी मानसशास्त्रवाले असतील तर सांगा, आणि जे यातून गेलेत त्यांनी तर नक्की सांगा.

गावकरी_ऑनलाईन

राग मानू नका काकू पण हे सगळं नवीन फॅड आहे. आमच्या घरी पानात पडलं की खायचं, नाही खाल्लं तर धपाटा, विषय संपला. मोबाईल काढून घ्या, इन्स्टा बंद करा, आठ दिवसात जेवेल. मुलांना कसला आलाय अनोरेक्सिया.

पाटी_पेन्सिल

गावकरी दादा, फॅड म्हणाल तर जरा जुनंच आहे हो, १६८९ चं. त्या साली लंडनचा रिचर्ड मॉर्टन नावाचा डॉक्टर क्षयरोगावर पुस्तक लिहीत होता आणि त्यात त्याने दोन अशा पोरांबद्दल लिहिलं जी झिजत होती पण ताप नाही, खोकला नाही, क्षय नाही, नुसती भूक गेलेली. ह्या आजाराची पहिली नीट वर्णनं म्हणून आजही त्याच दोन केसेस सांगतात. आणि त्या दोघांपैकी एक अठरा वर्षांची मुलगी होती आणि दुसरा सोळा वर्षांचा मुलगा, एका पाद्र्याचा. म्हणजे पहिल्या दिवसापासून मुलगा हजर आहे, आपणच त्याला नंतर फोटोतून कापला.

गंमत बघा, मॉर्टनने दोघांच्या स्वभावाबद्दल जवळजवळ एकच लिहिलंय. मुलगी रात्र रात्र पुस्तकात डोकं घालून बसणारी, मुलगा अति अभ्यास करणारा आणि मनाला लावून घेणारा. मुलाला त्याने सांगितलं अभ्यास सोड, गावाकडच्या हवेत जा, घोड्यावर बस, दूध पी, आणि तो बराच सुधारला. मुलीने औषधं थोडे दिवस घेतली आणि नको म्हणाली, तीन महिन्यांत गेली. मोबाईल दोघांकडेही नव्हता.

आता आत्याबाई तुमच्याकडे येते. मी ठाण्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, टीनएजर्स बरेच बघते. तुम्ही लिहिलंय स्वभाव उलटा, आणि मी तुमची पोस्ट दोनदा वाचली तर मला उलट सारखेपणाच जास्त दिसला. एक शब्द चुकला म्हणून पान फाडणारी मुलगी आणि एक चमचा तेल जास्त झालं म्हणून कढई ओतणारा मुलगा, मला तरी यात फार अंतर वाटत नाही. आवाज वेगळा आहे, बस. काट्यावर अंड्याचं पांढरं तोलणं, रोज बरोब्बर सात मजले, हे बेशिस्त वादळी पोराचं काम नाहीये, हा नियमात जखडलेला पोरगा आहे.

अभ्यास काय सांगतात ते माझ्या भाषेत सांगते. क्लोनिंजर नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९९३ मध्ये स्वभाव मोजायची एक प्रश्नावली काढली, ईटिंग डिसऑर्डरच्या म्हणजे खाण्याच्या मानसिक आजारांच्या संशोधनात ती खूप वापरतात. त्यात काही माप आहेत, धोका टाळायची वृत्ती म्हणजे काही होईल का ही सततची काळजी, नव्याची ओढ, दुसऱ्याच्या मायेची आणि शाबासकीची गरज, चिकाटी, आणि आपल्या आयुष्याची दोरी आपल्या हातात आहे असं वाटणं. अनोरेक्सियात साधारण चित्र असं की काळजी खूप, चिकाटी खूप, आणि दोरी हातात असल्याची भावना कमी. बुलिमियात म्हणजे भडाभडा खाऊन उलटी काढण्याच्या आजारात काळजी असतेच पण सोबत नव्याची ओढ आणि उतावीळपणाही जास्त. हे मुलींमध्ये सापडलं तसंच मुलांमध्येही सापडतं.

मग मुलगा मुलगी फरक? आहे, पण थोडा. २००४ मध्ये वुडसाइड आणि त्यांच्या टीमने ईटिंग डिसऑर्डर असलेले पुरुष आणि स्त्रिया अशी तुलना केली तर पुरुषांमध्ये परफेक्शनिझम, धोका टाळणं, शाबासकीची गरज आणि इतरांशी जुळवून घेणं हे सगळं जरा जरा कमी निघालं. म्हणजे पुरुष रुग्ण जरा कमी घाबरट, जरा कमी गोड. तुमचा भाचा दार आपटतो ते त्यात बसतं. पण 'जरा' हा शब्द विसरू नका, कारण आपण लगेच दोन वेगळे साचे बनवतो, शहाणी मुलगी आणि चिडका मुलगा, आणि साच्यात न बसणारं पोर आपल्याला दिसतच नाही.

आणि एक गोष्ट, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. आत्ता तुम्ही जो बघताय तो त्याचा स्वभाव आहे का हेच नक्की नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४ ते ४५, अमेरिकेत मिनेसोटा युनिव्हर्सिटीत अॅन्सेल कीज यांनी ३६ तरुण पुरुषांवर उपासमारीचा प्रयोग केला. लढायला नकार दिलेली, स्वतःहून आलेली माणसं, शरीराने मनाने ठणठणीत म्हणून निवडलेली. सहा महिने अर्धपोटी ठेवलं, वजन पाव हिश्शाने उतरवलं. तर हे हसतेखेळते लोक चिडचिडे झाले, एकलकोंडे झाले, घास बारीक करून तासन्‌तास जेवायला लागले, पाककृतींची पुस्तकं गोळा करायला लागले, ताटं चाटायला लागले, एकाने तर कुऱ्हाडीने स्वतःची बोटं तोडली. यातल्या कुणालाही अनोरेक्सिया नव्हता, नुसती भूक होती. तुमची लेक सगळ्यांना केक करून घालत होती ना, ते हेच. म्हणून उपाशी पोराची पर्सनॅलिटी टेस्ट करणं म्हणजे १०४ ताप असताना परीक्षेला बसवणं. आधी वजन, मग स्वभाव.

तोवर एक काम करा, भावाच्या मागे लागून बालरोगतज्ज्ञ किंवा फिजिशियनकडून पल्स, बीपी उभं आणि आडवं असं दोन्ही, ईसीजी, सोडियम पोटॅशियम फॉस्फेट एवढं तरी करून घ्या. दिवसा जागेपणी पल्स ५० च्या खाली असेल, चक्कर येत असेल तर अॅडमिट करायची वेळ आहे, मग अॅब्ज दिसोत नाहीतर न दिसोत. आणि एकदम ताट भरून खाऊ घालू नका, फार दिवस उपाशी राहिलेल्याला अचानक भरपूर दिलं की रक्तातलं फॉस्फेट घसरतं आणि ते जिवावर बेततं.

गावकरी_ऑनलाईन

१६८९ माहीत नव्हतं मॅडम. बाकी धपाट्याबद्दल अजून तेच मत आहे पण असो, ऐकतोय.

मॅटवरचा_माजी

धपाट्याचं मी सांगतो दादा. कोल्हापूरकडचा आहे, तालमीत वाढलेला, वस्तादांचे धपाटे चिक्कार खाल्लेत आणि तरी हे झालंच.

सतराव्या वर्षी निवड चाचणीसाठी मला खालच्या वजनगटात उतरवायचं ठरलं कारण वरच्या गटात आमच्याच तालमीतला एक लई तगडा होता. मग काय, भर उन्हात रेनकोट घालून पळायचं, पाणी बंद, थुंकत राहायचं म्हणजे तेवढंच वजन जातं, आदल्या दिवशी जवळजवळ काहीच नाही. वजन झालं की मग तुटून पडायचं, ताटच्या ताटं. पहिल्या दोन वेळी ठीक होतं, तिसऱ्या वेळी खाल्ल्यावर भीती वाटली की हे आता परत कसं उतरवायचं आणि मी मागे जाऊन बोटं घालून काढलं. ते मग कुस्ती असो नसो दोन वर्षं चाललं. कुणाला संशय नाही, कारण पैलवान भरपूर खातो हे सगळ्यांना कौतुकाचं आणि बाथरूममध्ये काय करतो हे कोण बघतंय.

स्वभावाचं म्हणाल तर मी तालमीतला जोकर होतो. नकला करणारा, गणपतीत नाटकात काम करणारा. घाबरट अजिबात नाही, उलट उतावळा, कशातही उडी मारणारा. पाटी_पेन्सिल मॅडमनी बुलिमियाचं जे लिहिलंय ते वाचून अंगावर काटा आला. आणि त्या दोन वर्षांत मी असा तिरसट झालो होतो की धाकट्या भावाने माझ्याशी बोलणं सोडलं. घरचे म्हणायचे वयात आलाय, पोरं अशीच होतात. पोरगी असती तर रडली असती आणि कुणीतरी विचारलं असतं, काय गं काय झालं. मी भिंतीवर बुक्की मारली तर म्हणाले रग आहे पोरात. एकच दुखणं, तिला डॉक्टर आणि मला शाबासकी.

आता मात्र लोकांना वाटतं हे आपल्याकडेच, तसं नाही. १९९७ साली अमेरिकेत महिनाभरात कॉलेजचे तीन पैलवान वजन उतरवताना मेले, तेव्हा तिकडे नियम बदलले. आणि २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाटचं १०० ग्रॅम जास्त वजनाने काय झालं ते सगळ्या देशाने बघितलं, ती रात्रभर काय करत होती हे ऐकून लोक हळहळले पण प्रत्येक जिल्हा पातळीच्या स्पर्धेआधी शेकडो पोरं तेच करतात तिकडे कॅमेरे नसतात.

आत्याबाई, तुमच्या भाच्याला 'बारीक झालास' म्हणू नका, त्याला ते मेडल वाटतं. 'ताकद गेली तुझी' म्हणून बघा. माझ्या वस्तादांनी एक दिवस पंजा लढवायला बसवलं, चौदा वर्षांच्या पोराकडून हरलो, त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांच्यासमोर रडलो.

आत्याबाई_नाशिककर

मॅटवरचा दादा तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. पाटी_पेन्सिल ताई खूप आभार, पोस्ट भावाला फॉरवर्ड केलीय, निळी टिक आलीय, उत्तर नाही.

एक विचारायचं राहिलं. वहिनीने गुपचूप त्याला एक ऑनलाईन प्रश्नावली भरायला लावली होती ईटिंग डिसऑर्डरची, त्यात स्कोअर कमी आला, म्हणजे काही नाही असं. भाऊ तेच नाचवतोय. लेकीचा तेव्हा स्कोअर केवढा तरी आला होता. मग?

काटेकोर_कोमल

काकू त्या स्कोअरवर जाऊ नका. मी पुण्यात एमए सायकॉलॉजी करतेय, डिझर्टेशन याच विषयाच्या आसपास आहे त्यामुळे थोडी डोकेफोड केलीय.

यातल्या बऱ्याच जुन्या प्रश्नावल्या सत्तर ऐंशीच्या दशकात मुली आणि बायका समोर ठेवून बनवल्या. त्यात वाक्यं असतात माझ्या मांड्या फार जाड आहेत, माझे नितंब जाड आहेत, मला अजून बारीक व्हायचंय. पंधरा वर्षांचा मुलगा यावर काय टिक करणार, कधीच नाही. त्याला मांड्या मोठ्याच हव्यात. त्याला चरबी शून्य आणि खांदे रुंद पाहिजेत, ते त्या प्रश्नावलीत विचारलेलंच नाही. म्हणून २००० च्या आसपास मसल वाढवायच्या हव्यासाची वेगळी प्रश्नावली आली. हार्व्हर्डच्या हॅरिसन पोप यांनी तर १९९३ मध्ये बॉडीबिल्डर्समध्ये 'उलटा अनोरेक्सिया' म्हणून वर्णन केलं होतं, म्हणजे माणूस दणकट असून स्वतःला किडकिडा समजतो, नंतर त्याला मसल डिसमॉर्फिया हे नाव पडलं. आणि सगळ्यात कहर म्हणजे २०१३ पर्यंत अमेरिकन मानसोपचारवाल्यांच्या निदानाच्या पुस्तकात अनोरेक्सियाची एक अट होती की तीन महिने पाळी बंद पाहिजे. ती अट पाळी येणाऱ्या मुलींपुरतीच होती, मुलासाठी तिथे काही लिहिलेलंच नव्हतं. डॉक्टर मुलाला निदान देत नव्हते असं नाही, पण पुस्तकच मुलीचं माप घेऊन शिवलं होतं.

आता मूळ प्रश्नावर माझी एक पुरवणी, पाटी_पेन्सिल मॅमशी थोडी असहमती पण. त्यांनी सांगितलेला फरक, की आजारी पुरुष जरा कमी काळजीखोर आणि शाबासकीची गरज कमी. बरोबर आहे, पण हाच फरक आजार नसलेल्या मुलामुलींमध्येही असतोच की. कुठल्याही कॉलेजमध्ये ही प्रश्नावली वाटा, मुलींची सरासरी या दोन्हीत वर येते. म्हणजे आजारी मुलगा विरुद्ध आजारी मुलगी अशी तुलना केली आणि फरक सापडला तर तो आजाराचा आहे हे कशावरून, तो घरोघरी असलेलाच फरक असेल. खरी तुलना आजारी मुलगा विरुद्ध त्याच्याच वयाचा निरोगी मुलगा. ती केली की मुलगाही मुलींसारखाच सरकलेला दिसतो, काळजी वर, दोरी हातात असल्याची भावना खाली. म्हणजे दोघं वेगवेगळ्या पायरीवरून निघतात पण जिना एकच उतरतात. मला तरी वाटतं आपण 'मुलांचा अनोरेक्सिया' असा वेगळा आजार मानायची गरज नाही.

अजून एक लफडं. अभ्यासात मुलं मिळतच नाहीत. बऱ्याच पेपरमध्ये बायका शेकड्यांनी आणि पुरुष चाळीस पन्नास, त्यातही किशोरवयीन आणि मोठे एकत्र, अनोरेक्सिया बुलिमिया एकत्र. आणि क्लिनिकपर्यंत पोचलेला मुलगा म्हणजे कोण, तर ज्याचं फारच टोकाला गेलं किंवा ज्याच्या घरी कुणी ओळखलं. मॅटवरचा दादांसारखे कुठल्याच पेपरमध्ये नाहीत. अमेरिकेत २००७ साली घरोघरी जाऊन केलेल्या मोठ्या पाहणीचे निकाल आले, त्यात आयुष्यात कधीतरी अनोरेक्सिया झालेल्या बायका ०.९ टक्के आणि पुरुष ०.३ टक्के निघाले. म्हणजे चारातला एक पुरुष. दवाखान्यात बघितलं तर इतके कधीच दिसायचे नाहीत, दहात एक वगैरे म्हणायचे. मधले कुठे गेले?

भारतातलं म्हणाल तर बंगळुरूच्या मनोविकारतज्ज्ञांची एक पाहणी २०१२ मध्ये आली होती, साधारण दोन तृतीयांश जणांनी आपण निदान एक तरी अशी केस पाहिल्याचं सांगितलं. आपल्याकडे नाही असं आता कुणी म्हणू नये.

पाटी_पेन्सिल

कोमल, असहमती कुठे आहे गं, छानच मांडलंस. एवढंच म्हणेन की फरक आजाराचा नसला तरी समोर बसलेल्या पोराशी बोलताना तो उपयोगी पडतो. ज्या मुलीला सगळ्यांना खूश ठेवायचंय ती माझ्याशी पहिल्याच दिवशी हो हो म्हणते आणि घरी जाऊन डबा कुत्र्याला घालते. मुलगा पहिल्या दिवशी म्हणतो तुम्हाला न्यूट्रिशनमधलं काय कळतं. मला दुसरा जास्त सोपा जातो, निदान कुठे उभा आहे ते कळतं. आणि हो, कमी स्कोअरबद्दल, मी पण मुलांना मांड्यांचं विचारत नाही, विचारते की एक दिवस जिम चुकली तर काय होतं. तिथे चेहरा बदलतो.

वरणभात_तूप

मी आई आहे अशाच एका मुलाची, आणि मला सगळ्यांच्या साच्यात खुंटी मारायचीय. माझा मुलगा चौदाचा होता, जिम नाही, प्रोटीन नाही, कुणी कधी जाड म्हणून चिडवलेलं नाही. आत्याबाईंच्या लेकीचं वर्णन वाचून वाटलं माझ्याच मुलाबद्दल लिहिलंय. तबला शिकायचा, हळवा, पट्टी घेऊन रेघा मारणारा, सॉरी सॉरी करणारा. आणि त्याने कधीही 'मला बारीक व्हायचंय' म्हटलं नाही. पोट भरलंय, गॅस होतो, घशाशी येतं, एवढंच. आठ महिने आम्ही पोटाच्या डॉक्टरकडे. जंताचं औषध झालं, थायरॉइड झालं, टीबीच्या टेस्ट झाल्या, दृष्ट काढून झाली, कोल्हापूरला अंबाबाईचा नवस बोलून झाला. एका नावाजलेल्या डॉक्टरांनी तर हसून सांगितलं मुलगी असती तर मी वेगळा विचार केला असता. नंतर ज्यांनी ओळखलं त्यांनी सांगितलं की हाँगकाँगला सिंग ली म्हणून डॉक्टर आहेत, त्यांनी नव्वदच्या दशकात दाखवून दिलं की आशियातली बरीच पोरं वजनाची भीती बोलूनच दाखवत नाहीत, पोटाचंच सांगतात.

आम्ही घरूनच केलं सगळं, फॅमिली बेस्ड ट्रीटमेंट म्हणतात, लंडनच्या मॉड्सली हॉस्पिटलमध्ये ऐंशीच्या दशकात सुरू झालेली पद्धत. थोडक्यात काय तर काही महिने जेवणाचा कारभार पूर्ण आईबापाच्या हातात, पोराला निवड नाही, तीन जेवणं तीन खाणी आणि तुम्ही समोर बसून. वजन आलं की हळूहळू कारभार परत त्याच्याकडे. ऐकायला सोपं वाटतं. वरणभाताच्या एका वाटीपुढे दीड तास बसलोय मी. आणि माझा गरीब गाय मुलगा, ज्याने आयुष्यात उलटून बोललेलं नाही, त्याने मला नखं मारली, शिव्या दिल्या, ज्या शिव्या त्याला येतात हे मला माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या हा तो बोलत नाहीये, आजार बोलतोय, तुम्ही वाटी उचलू नका. नाही उचलली.

ह्यांनी काय केलं ते सांगते कारण आत्याबाई तुमच्या भावाला ते उपयोगी पडेल. आधी हेही म्हणायचे मुलगे असे असतात. मग पहिल्यांदा ईसीजीच्या वेळी आत गेले, मुलाची छाती बघितली उघडी, बाहेर येऊन खुर्चीत बसले ते उठेचनात. दुसऱ्या दिवसापासून तीन महिने दुपारचं जेवण ऑफिसमधून घरी येऊन मुलासोबत. बोलायचे काही नाही, क्रिकेटचे जुने स्कोअर फक्त. मुलगा मला घाबरत नव्हता, त्यांना लाजत होता, त्याचा फायदा झाला. भावाला वाचायला पाठवू नका, डॉक्टरकडे सोबत न्या.

आणि आता तुमच्या शहरात कुणी सापडत नसेल तर १४४१६ वर फोन करा, सरकारचं टेलिमानस आहे, मराठीत बोलतात, निदान कुठे जायचं ते तरी सांगतील.

आता मुलगा सतरा. हळवा आहे अजून, रेघा पट्टीनेच मारतो. तो स्वभाव गेला नाही आणि मी आता जावा असं म्हणतही नाही. चिडका मात्र अजिबात नाही, ते सगळं वजनासोबत निघून गेलं.

कोरी_वही

मी आत्याबाईंची लेक. हो, डोकावते, आणि आई तू लेक लेक म्हणून माझं सगळं पब्लिक केलंयस, त्याबद्दल घरी बोलू.

पण एक दुरुस्ती. आई लिहितेय मी भांडले नाही, फक्त सॉरी म्हणायचे. आई, तू खरंच विसरलीस? मी डबा गॅलरीतून खाली फेकला होता, खालच्या जोशी काकूंच्या तुळशीत पडला होता. दूध रोज झाडाला घालत होते, ते झाड मेलं. बाबांना मी म्हणाले होते की मरा. ईदच्या सुट्टीच्या दिवशी तू मला बाथरूममध्ये दोनशे उठाबशा काढताना पकडलं आणि मी तुझ्या हाताला चावले, वण अजून आहे तुझ्या मनगटावर, बांगडीच्या खाली. सॉरी मी नंतर म्हणायचे. तुला नंतरचंच आठवतंय.

आणि तो. तो फक्त दारं आपटतो असं तुम्हा सगळ्यांना वाटतं. मला तो रात्री मेसेज करतो, एक एक वाजता. स्क्रीनशॉट टाकणार नाही, पण त्यात दर तिसरा शब्द सॉरी आहे. मामीचं तेल ओतलं त्या रात्री पण केला होता. मला वाटलं होतं कुणाला सांगू नको म्हणालाय तर सांगू नये, आता हे सगळं वाचून वाटतंय चूक केली.

तर मी शनिवारी सकाळच्या बसने येतेय. मामाशी मी बोलते, त्याला माझे तेव्हाचे रिपोर्ट दाखवते, फाईल आईच्या कपाटात खालच्या कप्प्यात आहे. आणि आई, मोदक कर. त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी. मी त्याच्या शेजारी बसून खाणार आहे, त्याला आग्रह कुणीही करायचा नाही.

आत्याबाई_नाशिककर

बांगडी वर करून बघितली आत्ता. आहे वण.

भावाचा फोन आला होता, सोमवारची अपॉइंटमेंट घेतलीय, ईसीजी पण त्याच दिवशी. फक्त विचारत होता की तू पण येशील का. पाटी_पेन्सिल ताई, उभं आणि आडवं बीपी म्हणजे किती मिनिटांच्या अंतराने ते जरा सांगून ठेवा, तिकडचे डॉक्टर करतीलच पण आपल्याला माहीत असलेलं बरं.

पाटी_पेन्सिल

पाच मिनिटं निवांत आडवं, मग मोजायचं, मग उभं करून दोन तीन मिनिटांनी परत, पल्सही दोन्ही वेळेला. आणि सोमवारी सकाळी रिकाम्यापोटी जिने चढायला देऊ नका.